गिधाडांचा ताळेबंद

गेल्या वर्षी रात्रीची शिफ्ट संपवून शहाड स्टेशनवरून घरी चालत येत होतो. पावणेतीन वाजले असतील. बिर्ला मंदिराच्या रस्त्यावरून कॅम्प १ मधल्या आमच्या गल्लीत वळलो आणि पार्क केलेल्या टेम्पोखालून एक कुत्रं निघालं. भुंकलं वगैरे काही नाही, सरळ पोटरी धरली. मग सुरू झाली इंजेक्शनं. दिवस ०, ३, ७, १४, २८. शून्यापासून मोजायला सुरुवात करणारी यादी आम्हा प्रोग्रॅमर लोकांना एका फटक्यात पाठ होते, एवढाच त्यातला आनंद.

तिसऱ्या इंजेक्शनच्या रांगेत उभा असताना मोबाइलवर एक शोधनिबंध वाचला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली तो प्रसिद्ध केला होता. भारतातली गिधाडं संपल्यामुळे २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जादा माणसं मेली असावीत, असा त्यांचा हिशोब. मेलेली जनावरं खायला कोणी उरलं नाही, ती ओढ्यात, नाल्यात, गावाबाहेर सडत पडली, पाणी नासलं आणि भटकी कुत्री वाढली. त्याआधी २००८ मध्ये अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांनी फक्त रेबीजचा हिशोब केला होता: १९९२ ते २००३ दरम्यान किमान ५५ लाख कुत्री वाढली आणि त्यातून सुमारे ४८ हजार माणसं दगावली. माझ्या पोटरीला चार टाके होते, त्यामुळे हे आकडे मी जरा मन लावूनच वाचले. (कॅम्प १ मधलं ते एक कुत्रं गिधाडांच्या खात्यात टाकायला कोणताही अर्थशास्त्रज्ञ तयार होणार नाही, मीही टाकत नाही.)

योगायोग असा की ते बोनसचे दिवस होते. आमच्या टीममधले आठ जण दरवर्षी बोनस आला की प्रत्येकी ५ हजार काढतो आणि ४० हजार रुपये एका संस्थेला देतो. संस्था निवडायची पाळी यंदा माझी होती. मी ग्रुपवर लिहिलं, ‘गिधाडं.’ दोन मिनिटं शांतता. मग एक हसणारा चेहरा आला, मग एक ‘सिरियसली?’, आणि मग टीममधल्या सगळ्यात काटेकोर माणसाचा मेसेज: ‘चालेल, पण ताळेबंद बघून घे. पगार आणि ऑफिसखर्च २० टक्क्यांच्या वर असेल तर नको. आणि रिझल्ट काय ते एका आकड्यात सांग.’

एका आकड्यात. तो शोधायला म्हणून बसलो आणि चाळीस वर्षं मागे गेलो.

घरात आजोबांना विचारलं. ते साठच्या दशकात पाटण तालुक्यातून शहाडच्या कारखान्यात कामाला आले. म्हणाले, “अरे, गिधाडं म्हणजे काय नवलाई होती काय? म्हारळच्या पुढे नदीच्या अंगाला तबेल्यातली मेलेली म्हस टाकली की तासाभरात आभाळातून उतरायची. दुसऱ्या दिवशी नुसता सांगाडा.” कधी दिसेनाशी झाली, हे मात्र त्यांना सांगता येईना. “बघितलंच नाय नंतर,” एवढंच. गिधाडांची गोष्ट इथेच अडते. ऐंशीच्या दशकात भारतीय उपखंडात ती कोट्यवधींच्या संख्येने होती, आणि जे कोट्यवधी असतं ते कोणी मोजत नाही. आपण कावळे मोजतो का?

पण एका ठिकाणी ती मोजली गेली होती. राजस्थानात भरतपूरला, केवलादेव राष्ट्रीय उद्यानात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा, म्हणजे बीएनएचएसचा, ऐंशीच्या दशकात तिथे मोठा अभ्यासप्रकल्प चालू होता आणि विभू प्रकाश नावाचे तरुण संशोधक शिकारी पक्ष्यांवर काम करत होते. १९८७-८८ च्या हंगामात त्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी नोंदवली. हा आकडा तेव्हा कोणाला महत्त्वाचा वाटण्याचं काही कारण नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते परत गेले तर घरटी निम्म्याहून कमी. फांद्यांवर माना खाली टाकून बसलेली गिधाडं, झाडाखाली मेलेली गिधाडं, घरट्यांत अडकलेली मेलेली गिधाडं. पुढच्या दोनतीन वर्षांत घरट्यांचा आकडा शून्यावर आला. १९९९ मध्ये त्यांनी बीएनएचएसच्या जर्नलमध्ये हे मांडलं आणि मग देशभर शोधाशोध सुरू झाली.

आता माझ्या काटेकोर मित्राच्या भाषेत बोलायचं तर १९८७ सालची ती मोजणी म्हणजे शुद्ध ‘ओव्हरहेड’ होती. एका माणसाचा पगार, प्रवास, दुर्बीण, वह्या. त्यातून एकही गिधाड वाचलं नाही. त्या वर्षीच्या ताळेबंदावर कोणी निकाल मागितला असता, तर ‘झाडं मोजली’ असं उत्तर मिळालं असतं. आमच्या कामात याला लॉगिंग म्हणतात. सगळं सुरळीत चालू असताना लॉग ठेवायचा खर्च मॅनेजरच्या डोळ्यांत खुपतो, आणि रात्री दोन वाजता प्रॉडक्शन बंद पडलं की तोच मॅनेजर विचारतो, लॉग कुठेत?

या ओव्हरहेडचे पैसे आले कुठून, हे शोधताना मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मजेदार गोष्ट सापडली.

पन्नास-साठच्या दशकात भारताने अमेरिकेकडून प्रचंड गहू घेतला, पीएल-४८० या कायद्याखाली. आजोबांना हे नाव माहीत नाही, पण गहू चांगलाच आठवतो. “तांबडा गहू. रेशनला रांग लावायची आणि चपाती झाली की चामडं.” या गव्हाचे पैसे भारत डॉलरमध्ये देत नव्हता, रुपयांत देत होता, आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर जमत होते. साठत साठत ते इतके झाले की खर्चायचे कसे हा अमेरिकेलाच प्रश्न पडला. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत डॅनिएल पॅट्रिक मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा चेक लिहून दिला आणि त्यातला मोठा हिस्सा सोडून दिला. उरलेले रुपये अमेरिकेने भारतातल्या आपल्या खर्चासाठी ठेवले. त्याच सुमारास, १९७३ साली, अमेरिकेचा संकटग्रस्त प्रजातींचा कायदा झाला होता. त्यातल्या आठव्या कलमात एक तरतूद होती: धान्यविक्रीतून इतर देशांत साठलेलं तिथलं चलन तिथल्याच संकटग्रस्त प्राण्यांसाठी वापरता येईल. अमेरिकेचं मत्स्य व वन्यजीव खातं ऐंशीच्या दशकात भारतातल्या संशोधनाला पैसे देऊ लागलं, त्याच्या मुळाशी हा मार्ग होता. माळढोकांच्या अभ्यासाला या खात्याचे पैसे होते, आणि केवलादेवच्या प्रकल्पालाही.

म्हणजे शहाडच्या चाळीत ज्या तांबड्या गव्हाच्या नावाने बोटं मोडली गेली, त्याच्या किमतीचे काही रुपये फिरत फिरत भरतपूरच्या झाडांवरची घरटी मोजायला गेले असण्याची दाट शक्यता आहे. रुपयावर रुपयाचं नाव लिहिलेलं नसतं, त्यामुळे यापुढे जाऊन काही म्हणता येत नाही. पण आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

परदेशी पैशाचं हे प्रकरण सरळ मात्र नव्हतं. साठच्या दशकात बीएनएचएसच्या पक्षी-स्थलांतर अभ्यासाला आधी जागतिक आरोग्य संघटनेचे आणि मग अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या एका कार्यक्रमाचे पैसे मिळत होते. स्थलांतर करणारे पक्षी रोग पसरवतात का, हा प्रश्न लष्कराला कशासाठी हवा, अशी शंका पुढे वर्तमानपत्रांनी आणि खासदारांनी घेतली, आणि १९७५ साली संसदेच्या लोकलेखा समितीने अशा परदेशी सहभागाच्या संशोधनावर कडक ताशेरे ओढले. सालिम अलींना त्याचा मनस्ताप झाला. मला वाटतं समितीचा प्रश्न रास्त होता. पक्ष्यांच्या पायात कड्या घालून जी माहिती जमली ती आजही उपयोगी पडते, हेही तितकंच खरं. पैसा कुठून आला आणि त्यातून काय झालं हे दोन वेगळे रकाने आहेत.

संस्थेचा जन्मही कुठल्या भल्यामोठ्या देणगीतून झाला नव्हता. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण जमले, सहा इंग्रज आणि दोन मराठी डॉक्टर. एक आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या संग्रहालयात व्हायच्या. मग जागा मिळाली ती एच. एम. फिप्सन यांच्या फोर्ब्स स्ट्रीटवरच्या दारूच्या दुकानात. विल्यम नावाचा एक पाळलेला धनेश पक्षी संस्थेत वर्षानुवर्षं होता आणि तोच पुढे संस्थेचं बोधचिन्ह झाला. ऑफिसखर्च वीस टक्क्यांच्या खाली ठेवायचा असेल तर हा एक मार्ग आहे.

तर गिधाडं मरतात हे कळलं, कशाने मरतात हे कळेना. इथे सगळ्यांची एक मोठी चूक झाली, आणि ती मला फार ओळखीची वाटली. गिधाडं वेगाने, सगळीकडे, एकाच पद्धतीने मरत होती. बहुतेकांचा पहिला अंदाज: एखादा नवा विषाणू. अंदाज वेडगळ नव्हता. कीटकनाशकं, अन्नाचा तुटवडा, शिकार हे सगळं तपासून बाजूला ठेवलं होतं. २००१ साली हरियाणात पिंजोरला बीएनएचएस आणि हरियाणा वनखात्याने गिधाड केंद्र उभं केलं ते आजारी गिधाडांचा अभ्यास करायला, आणि त्याला ब्रिटिश सरकारच्या डार्विन इनिशिएटिव्हचे पैसे होते. ब्रिटनची आरएसपीबी ही पक्षिसंस्था आणि लंडनची झूऑलॉजिकल सोसायटी सोबत होत्या. रोग शोधायच्या तयारीत सगळे बसले होते.

उत्तर पाकिस्तानातून आलं. अमेरिकेतल्या पेरेग्रिन फंड या संस्थेसाठी लिंडसे ओक्स हे पशुवैद्यक पंजाब प्रांतात मेलेली गिधाडं तपासत होते. २५९ प्रौढ गिधाडांपैकी ८५ टक्क्यांच्या पोटात एकच दृश्य: काळजावर, यकृतावर खडूची भुकटी सांडावी तसा युरिक आम्लाचा पांढरा थर. मूत्रपिंडं बंद पडलेली. विषाणू सापडेना, जड धातू सापडेनात, कीटकनाशकं सापडेनात. मग त्यांनी प्रश्न उलटा विचारला. गिधाडाचं सगळं अन्न म्हणजे मेलेली गुरं. तर गुरांना असं काय दिलं जातं की ज्याने मूत्रपिंड बिघडू शकतं? औषधविक्रेत्यांकडे चौकशी करता एक नाव पुढे आलं, डायक्लोफेनॅक. आपण पाठ धरली की घेतो तेच. पाय दुखणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या म्हशीला ते सर्रास टोचलं जात होतं, नव्वदच्या दशकात स्वस्त झाल्यापासून. पांढरा थर असलेली २५ गिधाडं तपासली: २५ पैकी २५ मध्ये डायक्लोफेनॅक. थर नसलेली १३ तपासली: १३ पैकी शून्य. २००४ च्या सुरुवातीला हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. इतका स्वच्छ निकाल मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिलेला नाही.

आणि किती जनावरांत हे औषध असावं लागतं? त्याच वर्षी ऱ्हिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं. हजार मृत जनावरांमागे साधारण एक ते आठ जनावरांत मारक मात्रा असली, तरी गिधाडं दिसली त्या वेगाने संपू शकतात. एका म्हशीवर अख्खा थवा बसतो म्हणून. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये भारतभर मृत गुरांच्या यकृतांचे नमुने घेतले, तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास जनावरांत डायक्लोफेनॅक निघालं. २००७ पर्यंत भारतातलं पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ च्या तुलनेत ९९.९ टक्के संपलं होतं. हजारातलं एक उरलं.

पुढचं काम झपाट्याने झालं, निदान आपल्याकडच्या मानाने. पर्यायी औषध शोधायला हवं होतं, कारण शेतकऱ्याला ‘म्हशीला दुखू दे’ म्हणून सांगता येत नाही. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे हे प्रयोगांनी दाखवलं, निष्कर्ष जानेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मे २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवणं थांबवायचा आदेश काढला.

मग लोकांनी माणसांचं डायक्लोफेनॅक म्हशींना द्यायला सुरुवात केली.

माणसाच्या औषधाची ३० मिलिलिटरची मोठी बाटली दुकानात मिळत होती. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर लागतं, म्हणजे ही बाटली कोणासाठी होती ते उघड आहे. २००७ ते २०१० या काळात अकरा राज्यांतल्या अडीचशेहून जास्त दुकानांत गिऱ्हाईक बनून लोक गेले आणि जनावरासाठी वेदनाशामक मागितलं. ३६ टक्के दुकानांनी डायक्लोफेनॅक पुढे केलं. हे सर्वेक्षण हातात होतं म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरवर आणण्याचा नियम होऊ शकला. औषध कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या, २०१७ मध्ये हरल्या. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर जनावरांसाठी बंदी आली, २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर. प्रत्येक बंदीमागे कोणीतरी यकृताचे तुकडे बर्फात घालून प्रयोगशाळेत नेलेले आहेत, कोणीतरी दुकानादुकानात ‘भैया, भैंस को दर्द है’ म्हणत फिरलेलं आहे. देणगीदारांना पाठवायच्या माहितीपत्रकावर यातल्या कशाचाही फोटो शोभत नाही.

फोटो शोभतो तो पिलाचा. पिंजोरच्या केंद्राचं काम २००४ नंतर बदललं. रोग शोधायचा प्रश्न मिटला होता, आता पिंजऱ्यात गिधाडं वाढवायची होती. नंतर आसामात राणी, बंगालमध्ये राजाभातखावा, भोपाळजवळ केरवा इथेही केंद्रं झाली. आता इथे खर्चाचा डोंगर सुरू होतो. गिधाडाची जोडी वर्षाला एक अंडं घालते. पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. समजा २५ जोड्या आहेत आणि निम्मी अंडी यशस्वी झाली, तर वर्षाला बारा पिल्लं. त्यासाठी प्रचंड मोठे पिंजरे, औषधाचा अंश नसलेलं बकऱ्याचं मांस, डॉक्टर, चोवीस तास कॅमेरे. आणि हा खर्च एकदाच करून संपत नाही. पक्षी तीस-तीस वर्षं जगतात, एक वर्ष अनुदान आलं नाही म्हणून त्यांना ‘पुढच्या तिमाहीत बघू’ सांगता येत नाही.

माझी एक्सेल शीट इथे सगळ्यात वाईट दिसत होती. पहिली गिधाडं बाहेर सोडायला २०१६ उजाडलं, तीही दोन हिमालयीन गिधाडं, चाचणी म्हणून. पांढऱ्या पाठीची आठ गिधाडं पिंजोरहून सुटली ती ऑक्टोबर २०२० मध्ये. केंद्र सुरू होऊन एकोणीस वर्षं. प्रति पक्षी खर्च काढला तर आमच्या टीममधला तो काटेकोर माणूस चक्कर येऊन पडेल. मीही एका रात्री जवळजवळ ठरवून टाकलं होतं की पिंजऱ्यांना पैसे देण्यात अर्थ नाही.

मग लक्षात आलं की मी भागाकारच चुकीचा करतोय. पिंजऱ्यातली शेकडो गिधाडं ‘तयार माल’ नव्हती, तो बॅकअप होता. २००४ मध्ये बंदी येईल की नाही, आली तर पाळली जाईल की नाही, हे कोणाला माहीत नव्हतं. रानातली संख्या दरवर्षी जवळपास निम्म्यावर येत होती. बॅकअप सर्व्हरचा खर्च तुम्ही ‘किती वेळा वापरला’ याने भागत नाही. आणि सोडायला उशीर का झाला? बाहेर औषध फिरत होतं म्हणून. विष बाहेर असताना पक्षी सोडून आकडा फुगवता आला असता, अहवाल छान दिसला असता. त्यांनी तसं केलं नाही, याचे मी त्यांना गुण देतो.

तरी एक तक्रार राहते. केंद्र सरकारच्या २०२०-२५ च्या गिधाड आराखड्याचा अंदाजित खर्च सुमारे २०७ कोटी रुपये होता. असे मोठे आकडे आले की पिंजरे, इमारती, नवी केंद्रं दिसू लागतात. औषधाच्या दुकानांवरची पाळत कुठेतरी शेवटच्या रकान्यात जाते. बॅकअप ठेवला पण बग तसाच राहिला तर परत आणलेलं सगळं पुन्हा पडणार, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या ट्रेनीलाही कळतं.

महाराष्ट्रात हे सगळं एकत्र बघायला मिळतं. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरहून वीस गिधाडं आणली: दहा पांढऱ्या पाठीची ताडोबाला, दहा लांब चोचीची पेंचला. महिनोन्महिने मोठ्या पिंजऱ्यांत सवय करून पावसाळ्यात सोडली, पाठीवर सॅटेलाइट टॅग लावून. त्यातलं एक ताडोबाहून निघून राज्यं ओलांडत थेट तमिळनाडूत पोचलं. काही मेली. बातम्यांखाली लोकांनी लिहिलं, ‘पैसे पाण्यात.’ मला उलट वाटतं. टॅग नसते तर ती मेली हे कळलंच नसतं, आणि मेलेलं प्रत्येक टॅगवालं गिधाड कुठे, कशाने गेलं याची नोंद म्हणजे पुन्हा भरतपूरच्या वहीसारखीच गोष्ट आहे. अर्थात पुढची तुकडी सोडताना ती नोंद उघडून वाचली तर.

दुसरीकडे रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला आणि नाशिकच्या हरसूल भागात खोरीपाड्याला कमी पैशांत काम झालं. गावातलं जनावर मेलं की ते ठरलेल्या जागी टाकायचं, गिधाडांचं उपाहारगृहच म्हणा. जनावराला शेवटी कोणतं औषध दिलं याची चौकशी करायची, घरट्यांची झाडं तोडू द्यायची नाहीत. कोकणात गिधाडं टिकली ती अशा कोपऱ्यांत. इथे खर्चाचा मोठा भाग म्हणजे गावात वारंवार जाऊन बसणारा माणूस. अहवालात तो ‘प्रवास व मानधन’ या शीर्षकाखाली दिसतो. माझ्या मित्राने आखलेल्या वीस टक्क्यांच्या रेषेवर हीच माणसं सगळ्यात आधी कापली गेली असती.

निकालाचा एक आकडा मागितला होता, तो शेवटी असा निघाला. बंदीनंतर दोन वर्षांत मृत गुरांत डायक्लोफेनॅक सापडण्याचं प्रमाण दहा-अकरा टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर आलं. आणि २०१५ च्या सर्वेक्षणावरून भारतात पांढऱ्या पाठीची सुमारे ६ हजार, लांब चोचीची १२ हजार आणि बारीक चोचीची हजारभर गिधाडं उरल्याचा अंदाज आला. घसरण जवळपास थांबलेली, वाढ नाही. कोट्यवधींवरून काही हजारांवर येऊन स्थिर. हे यश म्हणायचं का? ग्रुपवर यावर तीन दिवस वाद झाला. एक जण म्हणाला, माझ्या म्युच्युअल फंडाने असं केलं असतं तर मी फंड मॅनेजरला शिव्या घातल्या असत्या. दुसरी म्हणाली, शून्यावर जाणारा आलेख शून्याच्या अलीकडे थांबवला, त्याचं काय? मुंबईतल्या पारशी लोकांना विचारा, ती पुढे म्हणाली. डूंगरवाडीत गिधाडं येईनाशी झाली तेव्हा त्यांना देहांवर ऊन एकवटणारे आरसे बसवावे लागले, आणि पावसाळ्यात मुंबईत ऊन कुठे असतं?

शेवटी ४० हजारांचे दोन भाग केले. २५ हजार मृत जनावरांचे नमुने आणि औषधदुकानांची पाहणी यासाठी, १५ हजार कोकणातल्या गावांत फिरणाऱ्या लोकांच्या प्रवासासाठी. देणगीच्या पत्रात मी मुद्दाम लिहिलं: पगारावर खर्च केले तरी हरकत नाही. काटेकोर मित्राने ते वाक्य वाचून फक्त अंगठा पाठवला. पावती आली, ८०जी ची.

मागच्या रविवारी आजोबांना स्कूटरवर बसवून म्हारळच्या पुढे, मुरबाड रोडला लागून असलेल्या एका तबेल्यात गेलो. मालक तिसऱ्या पिढीतला, आजोबांना चेहऱ्याने ओळखणारा. म्हशीला ताप आला की डॉक्टर काय टोचतो, विचारलं. त्याने गोठ्याच्या कोनाड्यातून औषधांचा डबा काढून माझ्यापुढे उपडा केला. तीन कुप्या मेलॉक्सिकॅमच्या होत्या. चौथी निमेसुलाइडची, अर्धी वापरलेली. 

“ये वाला बंद हो गया है,” मी म्हणालो.

“अच्छा?” त्याने कुपी उजेडात धरून बघितली. “किसीने बताया नहीं. इससे भैंस को नुकसान होता है?”

“भैंस को नहीं,” मी म्हणालो, आणि पुढचं कसं सांगावं याची जुळवाजुळव करू लागलो. तोवर आजोबा नदीकडे बोट दाखवून त्याला त्यांच्या पद्धतीच्या हिंदीत सांगायला लागले होते की तिथे त्या वळणावर, तुझ्या आजाच्या वेळी, किती पक्षी उतरायचे.